आमचं अंग आणि त्यांचा ‘आतला आवाज’



मागच्या महिन्यात धुळ्याला बसस्टँडजवळच्या टपरीवर चहा पीत असताना एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आम्हाला चारचौघांत विचारलं, “तुम्ही पोरं चळवळ सोडून नाचायला लागले म्हणे?” बाकीचे हसले, आम्हीही हसलो. पण दादा हसत नव्हते. नामांतराच्या आंदोलनात पाठीवर लाठ्या घेतलेला माणूस. त्यांच्या प्रश्नात कुचेष्टा नव्हती, काळजी होती. आणि खरं सांगायचं तर आम्हाला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. “या ना एकदा बघायला,” एवढंच म्हणालो आणि जळगावची बस पकडली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, तरी डोक्यात तोच प्रश्न. नव्वदेक किलोमीटरच्या त्या रस्त्यात आमच्या आमच्यातच तीन वेळा भांडण झालं. हा लेख त्या भांडणातून आलेला आहे. दादांनी तो वाचावा, आणि त्यांच्यासारखाच प्रश्न ज्यांच्या मनात आहे त्यांनीही वाचावा.

आम्ही म्हणजे दोन्ही जिल्ह्यांतली मिळून दहा-बारा माणसं. जळगावच्या एमआयडीसीत चटई कंपनीत काम करणारा एक, तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवणारी एक, एमपीएससीचे तीन प्रयत्न करून थकलेला एक, यावलकडे केळीच्या बागांत घड वाहणाऱ्या एक मावशी, शिरपूर तालुक्यातली एक पावरा मुलगी, पारोळ्याकडचा एक मातंग मित्र, असे. अभ्यासवर्ग आणि पथनाट्य ही आमची मूळ कामं. ती बंद झालेली नाहीत. त्यात भर म्हणून गेली दोन वर्षं एक रविवार आड विहाराशेजारच्या पत्र्याच्या हॉलमध्ये आम्ही दोन तास नाचाचा सराव करतो. ठरलेल्या स्टेप नाहीत, बसवलेलं गाणं नाही, आरसा नाही. अंगाला त्या क्षणी जे सुचेल ते करायचं. शहरातले लोक ह्याला इम्प्रोव्हायझेशन म्हणतात. आम्ही ‘उत्स्फूर्त नृत्य’ म्हणून बघितलं, पण तो शब्द हॉलमध्ये कुणाच्या तोंडी बसला नाही. मावशी ‘सुचेल तसं’ म्हणतात, तेच नाव चालू आहे.

सुरुवात पुण्यात झाली. आमच्यातले चौघे तिथल्या एका तीन दिवसांच्या कार्यशाळेला गेले होते. लाकडी जमीन, मंद दिवे, आमच्यासाठी फीमध्ये सवलत. शिकवणारी व्यक्ती मनाने चांगली होती आणि तिथे आम्ही पुष्कळ शिकलो, हे आधी नोंदवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगण्यात आलं की डोळे मिटा, विचार करू नका, तुमच्या आत जो खरा ‘तुम्ही’ दडलाय त्याला बाहेर येऊ द्या. सगळे हलू लागले. चटई कंपनीतल्या आमच्या मित्राला काही सुचेना. मग त्याने त्याला येतं ते केलं. एक हात वर, गुडघे किंचित वाकलेले, खांदे उडवत पुढे-मागे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतला नाच. शिकवणाऱ्यांनी हलकेच त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “हे बाहेरून आलेलं आहे. ह्याच्या आत जा.” त्याच वेळी त्याच्या शेजारी आठ वर्षं कथक शिकलेली एक मुलगी गिरक्या घेत होती. तिच्या गिरक्यांना दाद मिळाली, “किती सहज!”

परतीच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये आम्ही ह्यावरच बोलत आलो. आठ वर्षं गुरूपुढे गिरवलेलं ते आतलं, आणि लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून, मग स्वतःच्या पायांनी, वस्तीतल्या प्रत्येक जयंतीत नाचून अंगात मुरलेलं ते बाहेरचं? दोन्ही शिकलेलीच की. एकीचं शिक्षण संस्कृती म्हणून पचून गेलं, दुसऱ्याचं गोंगाट म्हणून बाजूला काढलं गेलं. कुणी मुद्दाम केलं असं आमचं म्हणणं नाही. मुद्दाम करावं लागत नाही, हेच तर दुखणं आहे.

पण आमचा वाद फक्त एवढ्यावर नाही. ‘आत दडलेला खरा मी’ ही कल्पनाच आम्हाला खटकते. शरीर हे नुसतं कवच, त्याच्या आत काहीतरी शुद्ध, न बदलणारं, जगाचा डाग न लागलेलं बसलेलं आहे आणि ते मोकळं करायचं आहे. मित्रांनो, हे आपण कुठेतरी ऐकलेलं आहे ना? हा आत्माच आहे. मागच्या दाराने, योगा मॅटवर बसून आलेला आत्मा. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये आत्म्याचं खंडन केलं ते काही तत्त्वज्ञानाची हौस म्हणून नव्हे. आत्मा मानला की त्याच्या पाठोपाठ कर्म येतं, पुनर्जन्म येतो, आणि मग मागच्या जन्मीच्या पापाने तू ह्या जातीत आलास, हे सांगायला माणूस मोकळा होतो. आपण अनात्मवादी आहोत. माणूस म्हणजे सवयी, स्मृती, सोबत, काम, अन्न, भीती ह्या सगळ्यांनी घडत जाणारी गोष्ट आहे. म्हणून डोळे मिटून ‘विचार न करता’ अंग सोडलं तर जे बाहेर येतं त्याला स्वातंत्र्य समजू नये. सगळ्यात जुनी सवय बाहेर येते. आणि आपल्या अंगाला सगळ्यात जुनी सवय कसली आहे, हे वेगळं सांगायला हवं का?

आता दादांच्या बाजूकडे वळतो, कारण त्यांची बाजू हलकी नाही.

आपल्या समाजाने नाच सोडला तो अज्ञानाने सोडलेला नाही, समजून-उमजून सोडला. १६ जून १९३६ ला मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांपुढे भाषण केलं. मुरळ्या, जोगतिणी, देवदासी त्यात होत्या. हे अपमानाचं जिणं सोडा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पठ्ठे बापूराव तमाशाच्या कमाईतले पैसे चळवळीला द्यायला आले तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले, अशी आठवण चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. महार बाईला फडावर नाचवून मिळवलेला पैसा आम्हाला नको, हा त्यातला अर्थ. फडावर नाचणारी पवळा आमची आणि तिच्यावर शाहीर म्हणून नाव कमावणारे बापूराव कुलकर्णी, ही वाटणी लक्षात घेतली तर त्या नकाराचं वजन कळतं.

पुढे आंबेडकरी जलसे आले. नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती गावोगाव फिरले. तमाशाचाच साचा घेतला, पण गण-गवळण बदलली, शृंगार काढला, बाईचा नाच काढला. पुढे वामनदादा आले आणि गाणं घराघरात गेलं. खानदेशात असं एक घर दाखवा जिथे भीमगीत नाही. म्हणजे हिशेब असा झाला की चळवळीने गळा घेतला, शब्द घेतला, ढोलकी घेतली, आणि कमरेखालचं अंग मागे ठेवलं. त्या काळात ते बरोबरच होतं. ज्या अंगाकडे गावाने फक्त राबवण्यासाठी आणि नाचवण्यासाठी बघितलं, त्याला आधी झाकणं, सरळ करणं, पांढरे स्वच्छ कपडे घालून सभेत बसवणं गरजेचं होतं. आमच्या आज्यांनी हे केलं म्हणून आम्ही आज हॉलमध्ये मोकळे नाचू शकतो, हे आम्ही विसरलेलो नाही.

पण ह्याची एक किंमत होती आणि ती कुणी भरली हे विचारायला आता हरकत नसावी. प्रा. शैलजा पाईक यांचं तमाशातल्या दलित स्त्रियांवरचं इंग्रजी पुस्तक २०२२ साली आलं. २०२४ ला त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पुस्तक किती जणांनी वाचलं ते सोडा. ‘अश्लील’ हा शिक्का जातीने कुणावर मारला, आणि माणुसकी मिळवण्याच्या आपल्या लढ्यात त्या नाचणाऱ्या बायका कुठे राहून गेल्या, हा त्यातला प्रश्न आपल्याला टोचायला हवा.

हॉलच्या व्यवस्था समितीत एक आबा आहेत, पंचाहत्तरीचे. त्यांचा विरोध सगळ्यात कडक होता. पहिल्याच दिवशी आमच्यातल्या एकाला अहिराणीत म्हणाले, “तुना आजा फडवर नाचे, आते तूबी नाचशी का?” आम्हाला वाटलं टोमणा मारतायत. नंतर कळलं की आबांचे स्वतःचे वडील तमाशात नाच्या होते. लुगडं नेसून उभे राहायचे. आबा शाळेत असताना पोरं त्यांना त्यावरून काय काय बोलली असतील ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आबांनी दुसरा मुद्दा धम्माचा काढला. अष्टशीलात सातवं शील नृत्य, गीत, वाद्य ह्यांपासून दूर राहण्याचं आहे, मग विहाराशेजारी हे कसं चालेल? आम्ही अभ्यास करून गेलो. म्हटलं, आबा, अष्टशील उपोसथाच्या दिवशी पाळायचं, आपण गृहस्थ, आपलं रोजचं पंचशील, त्यात हे नाही. आबांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “मग पौर्णिमेला नाचू नका.” तेव्हापासून रविवारी पौर्णिमा आली की आमचा सराव बंद. वाद हरलो की जिंकलो, अजून ठरलेलं नाही.

आता प्रत्यक्ष हॉलमध्ये काय चालतं ते सांगतो, कारण बाहेर त्याबद्दल वाट्टेल ते बोललं जातं.

पहिले दोन महिने आम्ही नाचलोच नाही. फक्त उभे राहिलो. चालणं, उभं राहणं, बसणं, आडवं होणं, ह्या चारही अवस्थांत शरीराकडे लक्ष ठेवायला सतिपट्ठान सुत्त सांगतं. आपल्यातले पुष्कळ जण इगतपुरीला दहा दिवस बसून आलेत, त्यांना हे नवीन नाही. गंमत अशी की अमेरिकेत स्टीव्ह पॅक्स्टन नावाच्या नर्तकाने १९७२ च्या जानेवारीत ओबर्लिन कॉलेजात जो प्रयोग केला, ज्यातून पुढे ‘कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन’ हा प्रकार निघाला, त्यातही आपटाआपटी, धडकाधडकी झाल्यावर शेवटी पोरं नुसती उभी राहिली होती. उभ्या माणसाचं अंग पडू नये म्हणून आतल्या आत किती बारीक हलतं ते बघायचं. त्याला तो ‘छोटा नाच’ म्हणायचा. त्याच वर्षी इकडे मुंबईत दलित पँथर उभी राहत होती. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं.

तर आम्ही उभे राहिलो. दहा मिनिटं. जळगावचा मे महिना, वर पत्रे, दोन कूलर, त्यातला एक नुसताच आवाज करणारा. पहिल्यांदा सगळ्यांना हसू आलं. मग हळूहळू दिसायला लागलं. दहा जणांपैकी सात जणांचे हात पोटापुढे एकमेकांत अडकलेले होते. साहेबापुढे उभे राहतात तसे. एमपीएससीवाल्या मित्राची मान खाली. त्याने वर केली, मिनिटभरात पुन्हा खाली. तो म्हणाला, “मुलाखतीला मॉकमध्ये सर हेच सांगायचे, मान वर ठेव. मी समजायचो माझ्यात आत्मविश्वास कमी आहे.” आम्ही त्याला विचारलं, तुझे वडील कसे उभे राहतात? त्याने उभं राहून दाखवलं. मग आजोबा कसे उभे राहायचे ते दाखवलं. आजोबांपर्यंत पोचेपर्यंत तो जवळजवळ अर्धा वाकला होता. हॉलमध्ये कुणी बोललं नाही.

पेशवाईत अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं असायचं, हे बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’मध्ये लिहिलं आहे आणि आपण ते हजार भाषणांत सांगितलं आहे. मडकं गेलं. पण त्या मडक्याने वाकवलेली मान आमच्या मित्राकडे, ज्याने मडकं फक्त पुस्तकात वाचलं, कशी आली? कुणी शिकवली? कुणीच नाही. बापाला बघून आली, बापाला त्याच्या बापाला बघून. आमच्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा शोध आम्हाला त्या हॉलमध्ये लागला आणि तो कुठल्याही अभ्यासवर्गात लागला नसता.

दुसरा सराव वाटेचा. दोन माणसांनी दोन टोकांकडून समोरासमोर चालत यायचं. कुणी बाजूला व्हायचं ते आधी ठरवायचं नाही. साधी गोष्ट वाटते. आमच्यातले काही जण प्रत्येक वेळी तीन-चार पावलं आधीच बाजूला होत होते. बायका तर पाच-सहा. चटई कंपनीतल्या मित्राने सलग नऊ वेळा वाट दिली. दहाव्या वेळी त्याने ठरवलं की नाही द्यायची, तर अंग ऐकेना. “पाय आयकतस नहीत,” म्हणाला आणि खाली बसला. पुढचे सहा-सात रविवार आम्ही हेच केलं. खांद्याला खांदे आदळले, एकाचा चष्मा मोडला. मग कधीतरी असं झालं की दोघे समोर आले, थांबले, एकाने दुसऱ्याभोवती वळण घेतलं, दुसऱ्याने त्याच वळणाला आपलं वळण जोडलं, आणि ते दोघे हॉलभर फिरत राहिले. कुणी बाजूला झालं नव्हतं आणि कुणी कुणाला ढकललंही नव्हतं. पहिल्यांदा आम्हाला वाटलं की हा नाच आहे.

केळीवाल्या मावशींची गोष्ट वेगळी. त्या सुरुवातीला फक्त मुलीला सोडायला यायच्या. एकदा म्हटलं, मावशी, तुम्हीही चला ना. त्या हॉलभर एक फेरी चालल्या. डावा खांदा वर, मान उजवीकडे झुकलेली, पावलं छोटी आणि पक्की. खांद्यावर घड नव्हता पण घड दिसत होता. त्या स्वतःच म्हणाल्या, “मला दुसरं चालताच येत नाही.” पुण्याच्या त्या कार्यशाळेत ह्याचं काय झालं असतं? ‘ताण सोडा, मोकळं व्हा’ असं सांगितलं असतं. आम्ही म्हटलं, सोडू नका, तेच करा, पण हळू करा. मावशींनी घड उचलला, वाहिला, ट्रकपाशी नेला, उतरवला, सगळं रिकाम्या हाताने. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मधेच घड वर फेकला आणि झेलला. आम्ही सगळे ओरडलो. त्या लाजून बसल्या. बागेतून ट्रकपर्यंत दिवसाला किती खेपा होतात त्याचा हिशेब त्यांनी मग सांगितला, मजुरीचाही सांगितला. त्यावर आमचं पुढचं पथनाट्य उभं राहिलं. म्हणजे दादा, चळवळ सुटली नाही, उलटी घडाखालून आली.

आता आमची चूक. दोन चुका आहेत, दोन्ही सांगतो.

सहाव्या-सातव्या महिन्यात कुणीतरी म्हणालं की ताल हवा. हलगी आणली. आणि मग जे झालं ते आम्ही कधी विसरणार नाही. हलगी मध्ये ठेवली आणि दहाही डोकी आपोआप मातंग मित्राकडे वळली. एक शब्द कुणी बोललं नव्हतं. तो म्हणाला, “मी नाचायला आलोय. वाजवायला नाही.” वाट न देण्याचा सराव महिनोन्‌महिने करणारे आम्ही, जातिअंताची भाषणं देणारे आम्ही, डोळ्यांनी त्याला त्याची ‘जागा’ दाखवून बसलो होतो. पुण्यातल्या शिकवणाऱ्यांवर आम्ही वर दोन परिच्छेद लिहिले, तर हेही लिहिलंच पाहिजे. त्या दिवशी सराव झाला नाही, नुसतं बोलणं झालं, आणि तेही चांगलं झालं नाही. आमच्यातल्या एकाने ‘अरे तसं नव्हतं’ असं चारदा म्हटलं, ज्यामुळे तसंच होतं हे पक्कं झालं. मित्र पुढचे दोन महिने आला नाही. आता येतो. हलगी कोपऱ्यात खिळ्याला टांगलेली आहे. आम्ही टाळ्यांवर ताल धरतो आणि तो बेकार धरतो.

दुसरी चूक मोबाईलची. हॉलमध्ये मोबाईल नको, हा नियम आम्ही केला होता, पण पाळायला कडक नव्हतो. एका पोराने पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला. त्यात एक मुलगी होती. वाईट काही नव्हतं, हात पसरून फिरत होती. रात्री तिच्या भावाचा फोन आला. आम्ही दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो, माफी मागितली. भाऊ आमच्याच ओळखीचा, मोर्चात पुढे असणारा. तो म्हणाला, “तुमचं सगळं पटतं. पण उद्या स्थळ आलं तर लोक काय दाखवतील?” आमच्याकडे उत्तर नव्हतं. ती अजून आलेली नाही. ज्या समाजाने नाचणारी बाई म्हणजे बाजारातली बाई हे समीकरण शेकडो वर्षं सोसलं, त्या समाजातला भाऊ घाबरला तर त्याला नुसतं पुरुषी म्हणून आम्ही मोकळे होऊ शकत नाही. पण मुलगी घरी बसली, हेही आम्ही पचवू शकत नाही. आता मोबाईल दारात पिशवीत ठेवावे लागतात. आबा ती पिशवी सांभाळतात.

राहिला प्रश्न जयंतीचा. आमच्यातल्या काहींना आता वाटायला लागलंय की आपण फार पुढे गेलो आणि डीजेपुढे नाचणारी पोरं मागे राहिली. ह्या शहाणपणाला आमचा विरोध आहे. डीजेचा आवाज, त्यावरचा खर्च, गाडीमागे चालणारी दारू, ह्यावर टीका करा, आम्हीही करतो. पण वर्षातून एक दिवस ज्या रस्त्यावर आपल्याला कडेने चालायला लावलं होतं त्या रस्त्याच्या मधोमध अंग पसरून चालणं, ह्याची किंमत काय आहे ते गावात विचारा. २०२३ च्या जूनमध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात अक्षय भालेराव ह्या आपल्या तरुण भावाचा खून झाला. गावात जयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असा आरोप आहे. जिथे नाचल्याबद्दल जीव जातो तिथल्या नाचाला ‘शिकलेलं, बाहेरचं’ म्हणायचा अधिकार कुणाला? न्यूयॉर्कमध्ये १९८३ साली फ्रेड हॉलंड आणि इश्माएल ह्यूस्टन-जोन्स ह्या दोन काळ्या नर्तकांनी कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनच्या कार्यक्रमात जड बूट घालून नाच केला. त्या मंडळींचे सगळे अलिखित नियम त्यांनी मुद्दाम मोडले. अनवाणी नाही, संथ लय नाही, एकमेकांच्या अंगावर सतत विसावणं नाही, नाचताना चक्क बोलायचं. तसा जाहीरनामाच लिहिला होता, आणि त्याची सुरुवात आपण काळे आहोत ह्या वाक्याने केली होती. आमचा चटई कंपनीतला मित्र हे ऐकून म्हणाला, “म्हणजे मी पुण्यात बरोबर नाचत होतो.” बरोबरच नाचत होता.

तरी जयंतीच्या नाचाला आमचा एक प्रश्न आहे. रस्त्याच्या मधोमध कोण नाचतं? पोरं. आपल्या आया-बहिणी पांढऱ्या साड्या नेसून पुढे, रांगेत. रांग आम्हाला प्रिय आहे, ती शिस्त बाबासाहेबांनी शिकवली. पण रांगेतल्या बाईच्या पायाला ताल कळत नाही असं थोडंच आहे? लग्नात बँडवाल्याला पावरी लावायला सांगितली की ह्याच बाया कशा घुमतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय. शिरपूरची आमची मैत्रीण सांगते की त्यांच्याकडे होळीला बाया आणि पुरुष एकाच गोलात नाचतात आणि त्यात कुणाची इज्जत जात नाही. ‘मागास’ म्हणून आपण ज्यांच्याकडे बघतो त्यांच्याकडून ह्या बाबतीत शिकायला हरकत नाही.

यंदाच्या जयंतीच्या बैठकीत आम्ही एक मागणी ठेवली आहे. मिरवणूक चौकात आली की अर्धा तास डीजे बंद. रस्त्याचा मधला भाग बायकांना आणि मुलींना मोकळा. नाचायचं तर नाचतील, नुसतं उभं राहायचं तर उभ्या राहतील. पोरांनी कडेने साखळी करायची आणि कुणाचाही मोबाईल वर जाऊ द्यायचा नाही. मंडळातली निम्मी पोरं तयार आहेत. बाकीच्यांचं म्हणणं असं की डीजेचं भाडं तासावर ठरलंय, अर्ध्या तासाचे पैसे वाया जातील. समितीतल्या दोन ताईंनी विचारलं, “आणि कुणीच नाचलं नाही तर?” मग अर्धा तास शांतता राहील, आम्ही म्हटलं. हे ऐकून पोरं जास्तच घाबरली. पुढची बैठक येत्या शुक्रवारी आहे.

आणि धुळ्याच्या दादांना सांगायचं ते असं की तुम्ही या. ३१ जुलैला आपण लळिंगला लांडोर बंगल्यावर भेटतोच. १९३७ साली बाबासाहेब कोर्टाच्या कामाला धुळ्याला आले तेव्हा तिथे मुक्कामाला होते, म्हणून आपण दरवर्षी तो चढ चढतो. पण त्याआधी एखाद्या रविवारी पाच वाजता जळगावला या. पौर्णिमा तेवढी बघून या. नाचायची सक्ती नाही, पहिले दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं असतं. मोबाईल आबांकडे द्यायचा. आबा दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले असतात, तोंड रस्त्याकडे करून. आत टाळ्यांचा ताल चुकला की त्यांचा उजवा पाय बरोबर पडतो. आम्ही बघतोय हे लक्षात आलं की थांबवतात.